धुराड्यांचा वैद्य काउंट रम्फर्ड

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहराकडे दुरून येणाऱ्या प्रवाशाला आधी शहर दिसत नसे. दिसे तो त्यावर पसरलेला काळा ढग. घराघरांतील धुराड्यांतून अहोरात्र बाहेर पडणाऱ्या दगडी कोळशाच्या धुराचा तो ढग होता आणि लंडनकरांनी त्याची सवय करून घेतली होती. १७९५ मध्ये बव्हेरियाहून इंग्लंडला परतलेल्या एका बेचाळीस वर्षांच्या सरदाराच्या मनात मात्र तो पाहून वेगळाच विचार आला. हा सगळा न जळलेला कोळसा आहे, लोकांनी रोख पैसे मोजून विकत घेतलेला आणि वाऱ्यावर सोडून दिलेला. त्याचे वजन करता आले तर ते किती भरेल?

या सरदाराचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जगाच्या स्मरणात तो काउंट रम्फर्ड या नावाने राहिला. उष्णता हा पदार्थ नसून ती एक प्रकारची गती आहे, हे तोफेच्या प्रयोगाने दाखवणारा शास्त्रज्ञ म्हणून भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. म्युनिकचे रहिवासी त्याला शहरातील विस्तीर्ण उद्यानाचा जनक म्हणून ओळखतात. पण त्याच्या हयातीत इंग्लंडमधल्या सामान्य गृहस्थाला हे नाव ठाऊक होते ते एका अगदी घरगुती कारणाने. ज्या घरात शेकोटीचा धूर खोलीत कोंडतो, त्या घरी रम्फर्डची पद्धत करून घ्यावी, असे तेथे बोलले जात असे.

थंड देशांतील घरात भिंतीत बांधलेली उघडी शेकोटी ही चैनीची बाब नव्हती. हिवाळ्याचे सहा महिने घर त्या एका कोपऱ्याच्या आधारावर जगत असे. त्या काळच्या शेकोट्या मात्र लाकडाच्या मोठ्या ओंडक्यांसाठी बांधलेल्या, खोल आणि रुंद असत. लाकूड महाग होऊन लोक दगडी कोळशाकडे वळले, तरी शेकोटीचा आकार जुनाच राहिला. परिणामी आगीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा भाजे आणि पाठ गारठे. वारा फिरला की काळा धूर खोलीत उतरे. पडदे, पुस्तके, कपडे, अंथरुणे सगळ्यांवर काजळीचा थर बसे. धूर जावा म्हणून खिडकी उघडावी, तर थंडी आत येई. म्हातारी माणसे आणि मुले हिवाळाभर खोकत असत. धुराड्याचा हा आजार इतका सार्वत्रिक होता की तो बरा करण्याचा दावा करणाऱ्या कारागिरांचा आणि भोंदूंचा स्वतंत्र बाजारच उभा राहिला होता. कोणी धुराड्याची उंची वाढवून देई, कोणी त्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी बसवून देई. गुण येई तो योगायोगानेच.

या बाजारात रम्फर्ड उतरला तो उष्णतेचा अभ्यासक म्हणून. तिथपर्यंतची त्याची वाट मात्र सरळ नव्हती आणि सर्वस्वी स्वच्छही नव्हती.

२६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या वोबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच वडील गेले, आईने दुसरे लग्न केले आणि तेराव्या वर्षी मुलगा सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. दुकानात त्याचे मन रमले नाही. दारूकाम करून पाहताना स्फोट होऊन तो भाजला, ही त्या वयातली नोंद त्याच्या स्वभावाची कल्पना देते. पुढे गावातल्या डॉक्टरकडे त्याने थोडे वैद्यक शिकून घेतले आणि लोआमी बाल्डविन या मित्रासोबत मैलोन्‌मैल पायी चालत जाऊन हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राची व्याख्याने ऐकली. पदवी अशी त्याने कधी घेतली नाही.

एकोणिसाव्या वर्षी न्यू हॅम्पशायरमधील कॉनकॉर्ड या गावी तो शिक्षक म्हणून गेला. या गावाचे जुने नाव रम्फर्ड. तेथे त्याच्यापेक्षा सुमारे चौदा वर्षांनी मोठ्या, श्रीमंत विधवेशी, सारा रोल्फशी, १७७२ मध्ये त्याचा विवाह झाला आणि शेतकऱ्याच्या पोराला एकाएकी जमीनजुमला, ओळखीपाळखी आणि गव्हर्नरची मर्जी लाभली. गव्हर्नरने त्याला थेट मेजर केले. वर्षानुवर्षे सैन्यात राबणाऱ्यांना ते झोंबले नसते तरच नवल. ऑक्टोबर १७७४ मध्ये त्याला मुलगी झाली. तिचेही नाव सारा ठेवले गेले. पण तोवर वसाहतींत इंग्लंडविरुद्ध असंतोष पेटला होता आणि मेजर थॉम्प्सन राजनिष्ठ आहे, अशी कुजबुज सुरू झाली होती. वर्ष संपण्यापूर्वी संतप्त जमाव त्याच्या दाराशी आला. तो आधीच निसटला होता. बायको आणि काही आठवड्यांची मुलगी मागे राहिली. पुढे इंग्लंडला गेल्यावर पत्नीची आणि त्याची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

लोकांचा संशय खोटा नव्हता. मे १७७५ मध्ये अदृश्य शाईने लिहिलेले आणि बंडखोर सैन्याची माहिती पुरवणारे त्याचे पत्र विसाव्या शतकात ब्रिटिश सेनापती जनरल गेजच्या कागदपत्रांत सापडले. हेरगिरीचे हे प्रकरण त्याच्या आयुष्यावरचा डाग आहे आणि त्याच्या शास्त्रीय कामगिरीने तो पुसला जात नाही. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला पोहोचला, वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याच्या मर्जीत शिरला आणि बघता बघता दुय्यम सचिव झाला. याच काळात बंदुकीच्या दारूवर केलेल्या प्रयोगांमुळे १७७९ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. युद्धाच्या शेवटी तो घोडदळाची पलटण घेऊन अमेरिकेत परतला. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन गावच्या दफनभूमीत त्याने किल्ला बांधला आणि थडग्यांचे दगड भट्ट्यांना वापरले. त्या भट्ट्यांत भाजलेल्या पावांवर मृतांची नावे उलटी उमटत, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

१७८४ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला सर ही पदवी दिली आणि तो बव्हेरियाचा अधिपती कार्ल थिओडोर याच्या सेवेत म्युनिकला गेला. पुढील अकरा वर्षांत त्याने युद्ध खात्यापासून पोलीस खात्यापर्यंत सत्तेच्या बहुतेक किल्ल्या हाती घेतल्या. परका माणूस, तोही प्रॉटेस्टंट, एका कॅथलिक राज्यात इतका वर चढला, याचे कारण एवढेच की त्याने हाती घेतलेले काम खर्च कमी करून दाखवी.

धुराड्यांच्या विद्येची खरी शाळा म्हणजे हे म्युनिक. सैनिकांना उबदार आणि स्वस्त कपडे कसे द्यावेत, या प्रश्नातून त्याने लोकर, कापूस, पिसे, फर यांतून उष्णता किती वेगाने निसटते हे मोजले. ऊब टिकते ती धाग्यांमुळे नसून धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे, हे त्याला कळले आणि या शोधाबद्दल १७९२ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. दाट शिजवलेली सफरचंदे पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तोंड भाजत राहतात, हे त्याच्या लक्षात आले होते. पुढे मद्यार्क भरलेल्या मोठ्या तापमापकाच्या नळीत तरंगणारे धुळीचे कण एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली जाताना दिसले, तेव्हा त्याचा अर्थ त्याला उलगडला. पातळ पदार्थ आणि हवा तापतात ते मुख्यतः स्वतः हलून, वर-खाली फिरून. दाट फळात हे फिरणे अडते, म्हणून उष्णता आतच कोंडून राहते. धुराड्याचे सारे रहस्य या फिरण्यात होते.

१ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकमधील भिकाऱ्यांची धरपकड सुरू केली. पहिल्या भिकाऱ्याच्या खांद्यावर त्याने स्वतः हात ठेवला. आठवडाभरात सुमारे २,६०० जणांची नोंद झाली. त्यांना तुरुंगात न टाकता एका स्वच्छ, उबदार कामशाळेत नेले गेले. तेथे सूतकताई, विणकाम, गणवेश शिवणे असे काम आणि दुपारचे गरम जेवण मिळे. आधी माणसाला सुखी करावे, सद्‌गुण मागाहून येतात, अशी त्याची धारणा होती. अर्थात हेच हात सैन्याचे गणवेश अल्प खर्चात तयार करत होते, हेही विसरता येत नाही. रम्फर्डच्या परोपकाराच्या मागे हिशेबाची वही नेहमी उघडी असे. जेवण म्हणजे जव, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे आणि व्हिनेगर यांचे दाट सूप. बटाट्याविषयी लोकांच्या मनात अढी होती, म्हणून सुरुवातीला ते ओळखू येणार नाहीत इतके शिजवून घातले जात.

हजारो लोकांचे जेवण रोज रांधायचे, तर जळणाचा खर्च डोळ्यांत भरणारच. तोपर्यंतची स्वयंपाकघरे म्हणजे उघड्यावर पेटलेला जाळ आणि त्यावर टांगलेली भांडी. उष्णतेचा मोठा हिस्सा भांड्याला न लागता धुराड्यातून निघून जाई आणि आचारी धुरात डोळे चोळत उभे राहत. रम्फर्डने विटांची बंदिस्त भट्टी बांधली. प्रत्येक भांड्यासाठी गोल खोबण, त्यात भांडे घट्ट बसवलेले, त्याखाली स्वतंत्र लहान आग, आगीखाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि त्याच्या दाराला कमी-जास्त उघडणारी झडप. धुराच्या वाटेत दुसरी झडप.

या रचनेमागचा रम्फर्डचा नियम असा होता. हवा आगीला खालून, जाळीतून मिळाली पाहिजे आणि ती मोजून मिळाली पाहिजे. दाराच्या फटीतून, झाकणाच्या कडेने किंवा विटांच्या सांध्यातून आगीच्या वर शिरणारी थंड हवा काहीही जाळत नाही. ती फक्त धुराच्या वाटेतील तप्त हवेत मिसळून तिला थंड करते. धुराची वाट थंड झाली की धुराड्याची ओढ मंदावते आणि ओढ मंदावली की ज्या फटीतून हवा आत जात होती, त्याच फटीतून धूर बाहेर येऊ लागतो. घरमालक फटीला दोष देतो, पण दोष दोन्हीकडे असतो. म्हणून सांधे लिंपणे, दारे घट्ट बसवणे आणि आगीला लागणारा वारा एकाच ठिकाणाहून घेणे, यावर रम्फर्डचा कटाक्ष असे.

१७९२ मध्ये त्याला पवित्र रोमन साम्राज्याचा काउंट करण्यात आले. किताबासाठी त्याने नाव निवडले ते कॉनकॉर्डचे जुने नाव, रम्फर्ड. ज्या गावातून जीव मुठीत धरून पळावे लागले, त्याचेच नाव त्याने आयुष्यभर मिरवले. त्याच वर्षी त्या गावी त्याची पत्नी वारली.

प्रकृती खालावल्याने त्याने काही काळ इटलीत घालवला आणि १७९५ मध्ये तो लंडनला आला. येताच त्याच्या घोडागाडीमागची पेटी चोरीला गेली आणि वर्षानुवर्षांची टिपणे तिच्याबरोबर गेली. त्या धक्क्यातून सावरत त्याने आपले निबंध प्रसिद्ध करायला घेतले. १७९६ मध्ये आलेला चौथा निबंध शेकोट्या आणि धुराड्यांविषयी होता.

धूर आपणहून वर जात नाही, हे त्याने प्रथम वाचकाच्या मनावर ठसवले. काजळीचे कण हवेपेक्षा जड असतात. त्यांना वर नेते ती तापून हलकी झालेली हवा. धुराड्यात उभ्या असलेल्या तप्त हवेचा स्तंभ आणि बाहेरच्या थंड हवेचा तितकाच उंच स्तंभ, या दोहोंच्या वजनातील फरक म्हणजे धुराड्याची ओढ. हा फरक ज्याने घटेल ते सर्व धुराला मागे खेचते. जुन्या शेकोटीत आगीच्या वर धुराड्याचा गळा इतका मोठा असे की धुराच्या कितीतरी पट खोलीतली हवा त्यात शिरे. ती धुराला थंड करी. शिवाय एवढ्या रुंद मार्गात एका बाजूने ऊन हवा वर चढत असताना दुसऱ्या बाजूने थंड हवा खाली उतरायला जागा मिळे आणि ती धुराला ढकलत खोलीत आणी. खोलीतून जितकी ऊन हवा धुराड्यात जाई, तितकी गार हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत येई. पाठ गारठण्याचे कारण हेच. रोग सगळा गळ्यात होता आणि लोक उपचार करत होते धुराड्याच्या शेंड्यावर.

उपाय असा. धुराड्याचा गळा लहान करायचा, समोरून मागे अवघा ४ इंच. तो खाली आणून आगीच्या जवळ ठेवायचा, म्हणजे धूर थंड होण्याआधीच त्यात शिरेल. ही जागा नेमकी कुठे घ्यायची, हे ठरवायला त्याने गवंड्याच्या हाती ओळंबा दिला. दर्शनी भिंतीच्या आतील कडेपासून ओळंबा खाली सोडायचा, जमिनीवर खूण करायची, तिच्यामागे ४ इंचांवर नवी पाठची भिंत उभारायची. दर्शनी भिंतीची जाडी ९ इंच असेल, तर शेकोटीची खोली १३ इंच झाली. पाठच्या भिंतीची रुंदीही तितकीच, १३ इंच, आणि समोरचे तोंड तिच्या तिप्पट, म्हणजे ३९ इंच. बाजूच्या भिंती काटकोनात न ठेवता पाठीशी १३५ अंशांचा कोन करून बाहेर फाकवायच्या. पाठ आणि बाजू गळ्यापासून पाच-सहा इंच वर नेऊन एकदम सपाट थांबवायच्या, म्हणजे तेथे एक पायरी तयार होते आणि वरून घुसणारा वाऱ्याचा झोत तिच्यावर आपटून विरतो. दर्शनी भिंतीची आतली कड गोलसर करायची, म्हणजे धुराला वळताना अडथळा होत नाही.

फाकवलेल्या बाजूंचे काम धुरापेक्षा वेगळे होते. उघड्या शेकोटीतून खोलीत येणारी ऊब ही आगीच्या किरणांची ऊब असते, तापलेली हवा तर वर निघून जाते. मग भिंती आरशाप्रमाणे किरण खोलीत परतवतील अशाच असाव्यात. म्हणून बाजूंना लोखंडी पत्रे न लावता त्या विटांच्या किंवा दगडाच्या बांधाव्यात आणि त्यांना पांढरा चुना द्यावा. लोखंड आगीतून उष्णता खेचून तिला थंड करते आणि थंड आग जास्त धूर करते, असे त्याचे म्हणणे होते. कोळसा धरणाऱ्या जाळ्याही अनाठायी मोठ्या असतात. मध्यम आकाराच्या खोलीला ६ ते ८ इंच रुंदीची जाळी पुरे. लहान पण लखलखीत आग मोठ्या मंद आगीपेक्षा कमी धुरते आणि जास्त ऊब देते.

एक अडचण उरत होती. ४ इंचांच्या गळ्यातून धुराडे झाडणारा मुलगा वर कसा जाणार? त्या काळी लंडनची धुराडी लहान मुलांना आत चढवून साफ केली जात. १७८८ च्या कायद्याने त्यांचे किमान वय आठ वर्षे ठरवले होते आणि तेही पाळले जात नव्हते. काजळीमुळे या मुलांना मोठेपणी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच केले होते. रम्फर्डने पाठच्या भिंतीत एक अरुंद दार ठेवले, जे एरवी सपाट फरशीने बंद असे. झाडणीच्या दिवशी फरशी काढायची आणि मुलाला वर सोडायचे. खोलीतल्या माणसांच्या फुप्फुसांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या या माणसाला त्या मुलाच्या फुप्फुसांचा प्रश्न पडलेला दिसत नाही. त्याने पोराची वाट तेवढी मोकळी ठेवली. ही प्रथा इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात थांबायला १८७५ चा कायदा यावा लागला.

धुराच्या या व्याधीवर लिहिणारा रम्फर्ड पहिला नव्हता. वोबर्नपासून काही मैलांवर असलेल्या बोस्टनमध्ये १७०६ साली जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ मध्ये युरोपातून मायदेशी परतताना जहाजावर धूर कोंडण्याची नऊ कारणे मांडली होती. खोली इतकी घट्ट बंद असणे की धुराड्याला ओढायला हवाच न मिळणे, धुराडे आखूड असणे, एका घरातल्या दोन शेकोट्यांनी एकमेकींची हवा ओढणे, शेजारच्या उंच इमारतीवरून वारा खाली लोटला जाणे, दार चुकीच्या बाजूला असणे अशी ती निदाने होती. निदानात फ्रँकलिन अधिक व्यापक आहे. रम्फर्डचे वैशिष्ट्य असे की त्याने साध्या गवंड्याला दोरी, खडू आणि ओळंबा यांनी करता येईल असा उपचार मापासकट दिला. थोड्या विटा, थोडा चुना, बस्स. आपल्या पद्धतीचे पेटंट त्याने घेतले नाही. कोणीही ती वापरावी, असे त्याने जाहीर केले.

पहिले प्रयोग हॅनोव्हर स्क्वेअरमधील लॉर्ड पामरस्टनच्या घरी झाले. (पुढे पंतप्रधान झालेल्या पामरस्टनचे हे वडील.) मग रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांचे घर आणि त्यापाठोपाठ उमरावांच्या हवेल्या. थोड्याच अवधीत ५०० हून अधिक धुराडी आपल्या देखरेखीखाली दुरुस्त झाल्याचे त्याने नमूद केले आणि घरांची यादी मोठ्या हौसेने छापली. त्याला प्रसिद्धीचे वावडे नव्हते. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने १८०० मध्ये कोटाचे शेपूट उचलून शेकोटीकडे पाठ करून उभा असलेला रम्फर्ड रंगवला, तेव्हा सगळ्या लंडनने तो ओळखला. जेन ऑस्टिनच्या नॉर्थअँगर ॲबी या कादंबरीतील नायिकेचा जुन्या मठातील शेकोटी पाहून विरस होतो, कारण तिथेही रम्फर्डची नवी शेकोटी बसलेली असते.

याच १७९६ साली एकवीस वर्षांची सारा लंडनला आली. वडिलांना तिने जाणत्या वयात पाहिलेच नव्हते. त्यांच्या दरबारी रीतिभाती तिला जमेनात आणि तिचे खेडवळ वागणे त्यांना खटके. ती दोघे म्युनिकला गेली, तेव्हा शहराच्या एका बाजूला ऑस्ट्रियाचे आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्सचे सैन्य येऊन ठेपले होते. अधिपती पळून गेला होता. रम्फर्डने शहराचा कारभार हाती घेऊन दोन्ही सैन्यांना वेशीबाहेर रोखले. तेथील शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना धातू विलक्षण तापतो, हे पाहून त्याने बोथट सुळ्याने पाण्यात बुडवलेली तोफ घोड्यांकरवी फिरवली. अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळले. घर्षण चालू असेतो उष्णता निघतच होती आणि संपत नव्हती. जो पदार्थ संपत नाही तो पदार्थ कसला? जानेवारी १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या या निबंधाने उष्णता म्हणजे एक सूक्ष्म द्रव आहे, या प्रस्थापित मताला पहिला मोठा तडा दिला.

७ मार्च १७९९ रोजी बँक्स यांच्या घरी भरलेल्या बैठकीत त्याच्या पुढाकाराने रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली. विज्ञान कारागिरांपर्यंत, चुलीपर्यंत पोहोचवणे हा तिचा मूळ हेतू. टॉमस यंग आणि हम्फ्री डेव्ही यांना तेथे आणले ते रम्फर्डनेच. हेकेखोर स्वभावामुळे व्यवस्थापकांशी त्याचे फार काळ जमले नाही आणि १८०२ मध्ये त्याने इंग्लंड कायमचे सोडले. संस्था मात्र टिकली आणि पुढे मायकेल फॅरेडेचे सारे आयुष्य तेथे गेले.

पॅरिसमध्ये २४ ऑक्टोबर १८०५ रोजी त्याने मारी-ॲन लाव्हाझिएशी विवाह केला. तिचा पहिला पती आंत्वान लाव्हाझिए, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक, राज्यक्रांतीत १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला होता. उष्णतेला मूलद्रव्यांच्या यादीत बसवणारा लाव्हाझिएच आणि त्या मताला सुरुंग लावणारा रम्फर्ड. मारीने लाव्हाझिएचे नाव सोडायला नकार दिला. तिला माणसांची वर्दळ हवी होती, त्याला बाग आणि प्रयोग. एकदा त्याने पाहुण्यांसाठी फाटक उघडू नये म्हणून किल्ल्या काढून घेतल्या, तेव्हा तिने त्याच्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. हा प्रसंग त्याने स्वतःच मुलीला पत्राने कळवला. जून १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले. परक्यांच्या पाचशे धुराड्यांचा धूर घालवलेल्या माणसाला स्वतःचे घर दोनदा सोडावे लागले होते.

शेवटची वर्षे त्याने पॅरिसजवळ ओतय येथे काढली. पांढरा पृष्ठभाग शरीराची ऊब कमी घालवतो, या आपल्या निष्कर्षाला जागून तो हिवाळ्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून फिरे आणि लोक वळून पाहत. कॉफी गाळण्याच्या भांड्यावर १८१२ मध्ये त्याने निबंध लिहिला, तोही तितक्याच गांभीर्याने. २१ ऑगस्ट १८१४ रोजी त्याचे निधन झाले. मित्र फारसे उरले नव्हते. रॉयल सोसायटीला आणि अमेरिकन ॲकॅडमीला त्याने १७९६ मध्येच उष्णता व प्रकाशावरील संशोधनासाठी देणग्या दिल्या होत्या. त्यांतील सोसायटीचे पहिले पदक खुद्द त्यालाच मिळाले. मृत्युपत्राने त्याने हार्वर्डमध्ये प्राध्यापकपद निर्माण केले. ज्या वर्गात तो बाहेरून येऊन बसे, त्याच विद्यापीठात. म्युनिकने १८६७ मध्ये त्याचा पुतळा उभारला.

त्याच्या मापांची शेकोटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बांधली जात होती. मग बिडाच्या बंदिस्त शेगड्या आल्या आणि गवंडी ती मापे विसरले. उघड्या शेकोटीची हौस असणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने निबंध पुन्हा काढले. तेव्हा अरुंद गळा, फाकलेल्या बाजू आणि उथळ पाठ यांची तीच मापे पुन्हा वापरात आली.

मुलगी सारा, काउंटेस रम्फर्ड, अविवाहित राहिली. म्हातारपणी ती कॉनकॉर्डला, वडिलांनी सोडून दिलेल्या त्याच घरी परतली आणि १८५२ मध्ये तेथेच वारली. आपली मालमत्ता तिने आई नसलेल्या गरजू मुलींच्या आश्रमासाठी ठेवली.